गुठळीचा माग काढणारा माणूस

गुडघा किंवा खुबा बदलून घेतलेल्या माणसाला रुग्णालयात भेटायला गेलात, तर संध्याकाळी परिचारिका येते आणि त्याच्या पोटाच्या कातडीत एक बारीकशी सुई टोचून जाते. दुखणे गुडघ्याचे आणि सुई पोटात, हे पाहून नातेवाईक हटकून विचारतात, ही कशासाठी? हाडांच्या डॉक्टरांच्या जोडीने अशा रुग्णांचे रक्तदाब, साखर आणि हृदय सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे हा प्रश्न किती वेळा ऐकला याची गणती नाही. माझे उत्तर ठरलेले असते : पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. त्यावर लगेच दुसरा प्रश्न येतो. पायातल्या गुठळीने असे काय होते? आणि इथे मला दर वेळी एका जर्मन माणसाची आठवण होते, कारण या दुसऱ्या प्रश्नाचे पुराव्यानिशी उत्तर जगाला पहिल्यांदा त्याने दिले. तेही वयाच्या पंचविशीत.

त्याचे नाव रुडॉल्फ फिरखो. आमच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्याला इंग्रजी वळणाने व्हर्चो म्हणायची पद्धत आहे. त्याच्या नावाचे त्रिकूट पाठ करून परीक्षा देणाऱ्या पिढ्यान्पिढ्या झाल्या, पण हा माणूस कोण, कुठला, हे त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक असते. मलाही ते पदवी मिळाल्यानंतर पुष्कळ वर्षांनी वाचनाच्या नादातून समजले. समजले तेव्हा जाणवले, की हा नुसता प्रयोगशाळेतला पंडित नव्हे. यात एक बंडखोर आहे, एक नगरसेवक आहे, एक हट्टी म्हातारा आहे, आणि शेवटी खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेला एक रुग्णही आहे.

१३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियातल्या पोमेरेनिया प्रांतात शिफेलबाइन नावाच्या लहानशा गावी तो जन्मला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव श्विद्विन असे झाले आहे. वडील थोडी शेती करत आणि गावाच्या खजिन्याचा हिशेब ठेवत. एकुलता एक मुलगा, बुद्धीने तल्लख, पण घरात पैशांची ओढ. अशा मुलांसाठी बर्लिनमध्ये एक सोय होती. लष्कराच्या वैद्यकीय संस्थेत शिक्षण जवळपास फुकट मिळे आणि त्याच्या मोबदल्यात पुढे काही वर्षे लष्करी डॉक्टर म्हणून चाकरी करायची असे. १८३९ मध्ये फिरखो तिथे दाखल झाला आणि १८४३ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडला. या काळात त्याने आईवडिलांना लिहिलेली पत्रे त्याच्या मुलीने १९०६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत महत्त्वाकांक्षा आहे, बापाशी केलेले वाद आहेत आणि पैसे पाठवा ही विनवणीही आहे. शिकायला शहरात गेलेल्या कुठल्याही मुलाची पत्रे असावीत तशीच ती आहेत.

पदवी मिळाल्यावर त्याला बर्लिनच्या शारिटे या प्रचंड रुग्णालयात काम मिळाले. त्याचे मन मात्र रमले ते शवविच्छेदनाच्या खोलीत. तिथला प्रमुख रॉबर्ट फ्रोरीप याने या नव्या पोराला एक विषय दिला : शिरांचा दाह.

हा विषय त्या काळी मोठा गहन समजला जाई. पॅरिसच्या झाँ क्रुव्हेइये या थोर विकृतिशास्त्रज्ञाचा दबदबा सगळ्या युरोपवर होता आणि त्याच्या मते शिरांचा दाह हे असंख्य रोगांचे मूळ होते. आधी शिरेची भिंत सुजते, मग तिच्यात रक्त गोठते, असा त्याचा क्रम. आता एक चित्र डोळ्यांसमोर आणा. बाळंत झालेली बाई, मोडलेला पाय घेऊन पडलेला मजूर किंवा शस्त्रक्रियेतून नुकता सावरलेला रुग्ण. प्रकृतीला उतार पडलेला असतो, घरी जाण्याच्या गोष्टी चाललेल्या असतात. आणि एके सकाळी तो उठून बसतो, एकाएकी त्याला धाप लागते, चेहरा पांढराफटक पडतो आणि काही मिनिटांत खेळ आटोपतो. शवविच्छेदनात फुप्फुसाच्या मोठ्या धमनीत रक्ताची गुठळी सापडे. ती तिथेच झाली, धमनी सुजली म्हणून झाली, असे मानून मंडळी पुढच्या कामाला लागत. बाळंतिणीचा पाय सुजला, तर त्यात दूध उतरले असे निदान होई, आणि हे निदान करणारे अडाणी नव्हते, चांगले शिकलेले डॉक्टर होते.

फिरखोने केलेली गोष्ट ऐकायला फार साधी वाटते. फुप्फुसात गुठळी सापडली की तो तिथेच न थांबता पायांच्या शिरा उघडून बघू लागला. फुप्फुसातली धमनी त्याला पुष्कळदा अगदी निरोगी दिसे. तिच्या भिंतीवर सूज नसे, दाह नसे. गुठळी मात्र धमनीला जिथे फाटा फुटतो नेमकी तिथे, घोड्यावर मांड ठोकावी तशी अडकून बसलेली असे. आणि खाली, मांडीच्या किंवा ओटीपोटाच्या शिरेत, दुसरी गुठळी सापडे. तिचे टोक तुटल्यासारखे असे. मग त्याला समजले, की वरचा तुकडा हा खालच्या गुठळीचाच मोडलेला भाग आहे. रक्ताच्या प्रवाहाबरोबर तो वर वाहत गेला, हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून पार झाला आणि पुढची वाट अरुंद होताच बुचासारखा बसला. मरण फुप्फुसात आले होते, पण त्याचे मूळ पायात होते.

तर्क बरोबर असला तरी तो सिद्ध करावा लागतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याने कुत्र्यांवर प्रयोग केले. मानेतल्या शिरेतून रक्ताच्या गुठळ्यांचे, मांसाचे, रबराचे तुकडे आत सोडले आणि काही काळाने फुप्फुसे उघडून पाहिली. तुकडे तिथे होते. रबराचा तुकडा काही फुप्फुसात आपोआप तयार होत नाही! हे प्रयोग आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या रबराच्या तुकड्याने जो वाद मिटवला तो नुसत्या चर्चेने मिटला नसता, हेही खरे. १८४६ मध्ये त्याने फुप्फुसाच्या धमनीच्या अडथळ्यावरचा आपला निबंध छापला. पुढच्या काही वर्षांत या दोन घटनांना त्याने ग्रीक भाषेच्या आधाराने दोन नावे दिली. शिरेत गुठळी होणे म्हणजे थ्रॉम्बोसिस आणि ती सुटून दुसरीकडे जाऊन अडकणे म्हणजे एम्बोलिझम. १८५६ च्या त्याच्या मोठ्या निबंधसंग्रहात हा सगळा विषय विस्ताराने आला आहे. आज जगभरच्या रुग्णालयांत हेच दोन शब्द चालतात, आणि २०१४ पासून जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून जो दिवस पाळला जातो तो १३ ऑक्टोबर, म्हणजे याच माणसाचा वाढदिवस.

त्या प्रसिद्ध त्रिकुटाबद्दल मात्र खुलासा करायला हवा. रक्त गोठण्याची तीन कारणे विद्यार्थी त्याच्या नावाने घोकतात : रक्ताचा प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या भिंतीला इजा होणे आणि खुद्द रक्तच गोठण्याकडे अधिक झुकणे. हे तिन्ही विचार त्याच्या लिखाणात विखुरलेले सापडतात, पण एक, दोन, तीन अशी यादी त्याने कुठेही केलेली नाही. ती त्याच्या मृत्यूनंतर अर्धशतकाने, विसाव्या शतकाच्या मध्याला, इतरांनी जुळवली आणि त्याचे नाव देऊन टाकली. थोरांच्या नावावर असे बरेच काही जमा होत असते. ही यादी मात्र त्याच्या नावाला न शोभणारी नाही, म्हणून मला त्याबद्दल तक्रार वाटत नाही.

इथवरचा फिरखो म्हणजे एक हुशार, थोडासा उर्मट तरुण डॉक्टर. १८४७ मध्ये बेनो राइनहार्ट या मित्राबरोबर त्याने स्वतःचे संशोधन-नियतकालिक काढले. ते आजही त्याच्या नावाने निघते. पण पुढच्याच वर्षी जे घडले त्याने हा माणूस एकदम वेगळ्या उंचीवर गेला.

अपर सायलेशिया हा प्रशियाचा आग्नेय कोपरा. तिथली गरीब, पोलिश बोलणारी प्रजा दुष्काळाने आणि टायफसच्या साथीने हजारोंनी मरत होती. वर्तमानपत्रांत ओरड झाली तेव्हा सरकारला जाग आली आणि १८४८ च्या फेब्रुवारीत चौकशीसाठी एक पथक गेले. त्यात सव्वीस वर्षांचा फिरखो होता. तो तिथे जेमतेम तीन आठवडे होता. सरकारची अपेक्षा अशी, की डॉक्टर औषधे सुचवील, फार तर स्वच्छतेचे चार नियम सांगेल. याने अहवालात लिहिले ते असे, की या लोकांना शाळा द्या आणि ती त्यांच्या पोलिश भाषेत द्या, रस्ते बांधा, शेती सुधारा, कराचा बोजा गरिबांवरून काढून श्रीमंतांवर टाका आणि कारभार लोकांच्या हाती सोपवा. जमीनदार आणि नोकरशाही यांच्यावर त्याने उघड ठपका ठेवला. मला हा अहवाल आणि दोन वर्षांपूर्वीचा गुठळीचा निबंध एकाच हाताचे, एकाच नजरेचे वाटतात. माणूस मेला तो टायफसने, पण मूळ पाहायला त्याच्या झोपडीपासून बर्लिनच्या सचिवालयापर्यंत माग काढत जावे लागते. जिथे मरण दिसते तिथेच कारण शोधत बसण्याची डॉक्टरांची खोड फिरखोला मुळातच नव्हती.

बर्लिनला परतला तो थेट क्रांतीत. १८ मार्च १८४८ ला शहरात राजाविरुद्ध उठाव झाला तेव्हा हा विकृतिशास्त्रज्ञ रस्त्यावर अडथळे रचायला हजर होता. मग त्याने वैद्यकीय सुधारणांसाठी साप्ताहिक काढले, आणि ते वर्षभर चालले. क्रांती फसली, साप्ताहिक बंद पडले आणि १८४९ मध्ये सरकारने त्याला शारिटेतून निलंबित केले. नंतर काही अटींवर परत घेतलेही, पण तोवर बव्हेरियातल्या व्युर्त्सबुर्ग विद्यापीठाने त्याला विकृतिशास्त्राचे प्राध्यापकपद देऊ केले होते. तो गेला. १८५० मध्ये रोझे मायर या बर्लिनच्या डॉक्टरांच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. पुढे त्यांना तीन मुलगे आणि तीन मुली झाल्या.

व्युर्त्सबुर्गची सात वर्षे शांत होती, आणि बहुधा म्हणूनच फलदायी. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते आणि रोग म्हणजे शरीरातल्या पेशींमधला बिघाड, हा विचार त्याने इथे पक्का केला. १८५६ मध्ये बर्लिनने त्याला सन्मानाने परत बोलावले आणि त्याच्यासाठी नवी संस्था उभारून दिली. तिथे डॉक्टरांपुढे दिलेल्या वीस व्याख्यानांचे पुस्तक १८५८ मध्ये निघाले आणि आधुनिक विकृतिशास्त्राचा पाया घातला गेला. या यशाला एक गालबोट आहे. पेशीपासून पेशी हा सिद्धांत रॉबर्ट रेमाक या संशोधकाने त्याच्याही आधी मांडला होता. रेमाक पोलंडमधला ज्यू, त्यामुळे बर्लिनमध्ये त्याला पूर्ण प्राध्यापकपद कधीच मिळाले नाही. फिरखोने त्याचे ऋण जितक्या मोकळेपणाने मान्य करायला हवे होते तितके केले नाही. दुबळ्यांच्या बाजूने इतका भांडणारा माणूस इथे हात का आखडतो, याचे कोडे मला आजही सुटलेले नाही.

१८५९ मध्ये तो बर्लिनच्या नगरसभेवर निवडून गेला आणि मरेपर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षे, नगरसेवक राहिला. प्रशियाच्या विधिमंडळात गेला, १८८० ते १८९३ जर्मन संसदेतही होता. पण मला त्याची नगरसेवकी अधिक मोलाची वाटते. त्या वेळचे बर्लिन म्हणजे रस्त्याच्या कडेने उघडी गटारे वाहणारे शहर. अभियंता जेम्स होब्रेख्ट याने भूमिगत गटारांची योजना आखली आणि फिरखोने ती वर्षानुवर्षे नगरसभेत रेटली. १८७३ मध्ये काम सुरू झाले. शहराचे मैलापाणी दूरच्या शेतांवर नेण्याची ही व्यवस्था तेव्हा नावाजली गेली. शहराची नवी रुग्णालये आणि डुकराच्या मांसातल्या कृमींसाठी मांसतपासणी, या सगळ्यांत त्याचा हात होता. गटारावर भाषणे करणारा जगविख्यात प्राध्यापक ही कल्पना आपल्याला गमतीची वाटते, पण त्याला त्यात कमीपणा वाटत नसे.

बिस्मार्कशी त्याचे कधी पटले नाही. १८६५ मध्ये आरमाराच्या खर्चावरून सभागृहात खडाजंगी झाली. फिरखोने पंतप्रधानाच्या सत्यवचनीपणावर शंका घेतली आणि बिस्मार्कने त्याला द्वंद्वयुद्धाचे आव्हान पाठवले. फिरखोने नकार दिला. शस्त्र म्हणून दोन सॉसेज, त्यांतले एक कृमींनी भरलेले, सुचवल्याची एक चटकदार कथा सांगितली जाते. ती मागाहून कोणीतरी रचलेली आहे. मुळात नकारच पुरेसा धाडसाचा होता, कारण त्या समाजात द्वंद्व नाकारणे म्हणजे नाक कापून घेणे.

त्याचे बाकीचे उद्योग सांगायचे तर दुसरा लेख लागेल. १८७९ मध्ये तो श्लीमानबरोबर ट्रॉयच्या उत्खननावर गेला. जर्मनीतल्या सुमारे अडुसष्ट लाख शाळकरी मुलांच्या केसांचा, डोळ्यांचा आणि कातडीचा रंग नोंदवून घेतला आणि शुद्ध जर्मन वंश नावाची चीज प्रत्यक्षात सापडत नाही असे दाखवून दिले. पुढे जर्मनीत जे घडले ते पाहता त्याचे हे काम अधिक वाचले जायला हवे होते.

आणि चुका? त्याही त्याच्यासारख्याच थोर होत्या. प्रसूतीगृहातल्या डॉक्टरांनी हात धुतले तर बाळंतिणी वाचतील, हे सेमेलवाइसचे म्हणणे त्याने बराच काळ मान्य केले नाही. रॉबर्ट कॉखच्या जंतूंकडे तो संशयानेच पाहत राहिला. निअँडरथलची कवटी ही प्राचीन मानवाची नसून कुणा आजारी आधुनिक माणसाची आहे, असे त्याने १८७२ मध्ये ठामपणे सांगितले. १८८७ मध्ये युवराज फ्रेडरिकच्या घशातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यात कर्करोग नाही असा अहवाल दिला. युवराज गादीवर आला आणि १८८८ च्या जूनमध्ये घशाच्या कर्करोगानेच गेला. हाती आलेल्या तुकड्यापुरता फिरखोचा अहवाल कदाचित बरोबरही असेल, पण इतिहास एवढी सवलत देत नाही.

त्याच्या म्हातारपणी त्याच्याच बर्लिन शहरात एक विलक्षण गोष्ट घडली. थेमिस्टोक्लेस ग्लुक नावाच्या तरुण शल्यविशारदाने १८९० मध्ये क्षयाने नासलेला एक गुडघा काढून त्या जागी हस्तिदंताचा बिजागरीसारखा सांधा बसवला. कृत्रिम सांधा बसवण्याचा जगातला हा पहिला प्रयत्न मानला जातो. जंतुसंसर्गाने हे सांधे फार टिकले नाहीत, वरिष्ठांनी ग्लुकला गप्प केले आणि सांधेबदलाची कल्पना पुढली अनेक दशके मागे पडली. ज्या शहरात गुठळीचे कोडे सुटले होते तिथेच ती गुठळी पुढे ज्या शस्त्रक्रियेला सर्वाधिक छळणार होती तिचीही पहिली पावले पडली, हा योगायोग मला फार आवडतो.

१९०१ च्या ऑक्टोबरात फिरखोची ऐंशी वर्षे पुरी झाली. देशोदेशीचे प्रतिनिधी बर्लिनला आले, मशालींची मिरवणूक निघाली. त्यानंतर तीन महिनेही झाले नसतील. ४ जानेवारी १९०२ रोजी लाइपत्सिगर रस्त्यावर चालत्या विजेच्या ट्राममधून उतरण्याची घाई त्याला नडली. तो पडला आणि खुब्यापाशी मांडीचे हाड मोडले.

आज ऐंशी वर्षांचा असा रुग्ण आला तर आम्ही काय करतो? शक्य तर एक-दोन दिवसांतच मोडलेले हाड काढून खुब्यात कृत्रिम गोळा बसवतो आणि दुसऱ्या दिवशी आधार देऊन उभे करतो. यात जे मनापासून भिण्यासारखे असते ते गुठळीचे. कारण त्रिकुटातली तिन्ही कारणे इथे एका टेबलावर एकत्र येतात. खुबा उखळीतून काढताना पाय पिळला जातो आणि मांडीची मोठी शीर मुडपते, दाबली जाते. गुडघ्याच्या वेळी मांडीला आवळपट्टा बांधून रक्तच थांबवतात. हाड कापले, की त्यातल्या मगजातून रक्त गोठवणारी द्रव्ये प्रवाहात मिसळतात. आणि नंतर रुग्ण दुखण्याच्या भीतीने पाय हलवत नाही. पोटरीचे स्नायू म्हणजे शिरांतले रक्त वर ढकलणारा पंपच. तो बंद पडला की रक्त साचते. प्रतिबंधक उपाय न केलेल्या खुबा-गुडघा बदलाच्या रुग्णांत शिरांचे रंगद्रव्य घालून क्ष-किरण फोटो काढले, तर शंभरात चाळीस ते साठ जणांत गुठळ्या सापडत. त्यांतल्या बहुतेक लहान असतात, निमूटपणे विरघळतात. पण नेमकी कोणती सुटेल ते आधी समजत नाही, आणि पुष्कळ वेळा पाय सुजतही नाही, दुखतही नाही.

फिरखोने माग काढून दिला, पण वाट अडवायला शंभर वर्षे गेली, कारण हाती औषध नव्हते. १९१६ मध्ये अमेरिकेत जे मॅक्लीन या विद्यार्थ्याला यकृतातून रक्त गोठू न देणारा पदार्थ मिळाला आणि त्यातून हेपॅरिन आले. १९५९ मध्ये बर्मिंगहॅमच्या सेविट आणि गॅलाघर यांनी खुब्यापाशी हाड मोडलेल्या, म्हणजे नेमक्या फिरखोसारख्या, तीनशे रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दिल्या आणि त्यांच्यातल्या गुठळ्या व मृत्यू झपाट्याने घटले. १९६२ मध्ये इंग्लंडच्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली याने पोलादी गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी असलेला आजच्या धर्तीचा खुबा बसवला. सांधा उत्तम चालला, पण १९७७ मध्ये त्याच्या चमूने जवळजवळ आठ हजार शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला तेव्हा शंभरात एक रुग्ण फुप्फुसातल्या गुठळीने दगावल्याचे दिसले. चालता यावे म्हणून आलेला माणूस असा जावा, यासारखे शल्य शल्यविशारदाला दुसरे नाही. लंडनमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे विजय कक्कर यांनी १९७५ मध्ये निरनिराळ्या मोठ्या शस्त्रक्रियांच्या ४१२१ रुग्णांची आंतरराष्ट्रीय चाचणी प्रसिद्ध केली. नुसत्या थोड्याथोड्या हेपॅरिनने अशा गुठळीचे मृत्यू १६ वरून २ वर आले. पोटातल्या त्या बारीक सुईची कुळकथा ही अशी आहे.

आता पर्याय पुष्कळ आहेत. सुधारित हेपॅरिनच्या सुया, २००८ पासून आलेल्या नव्या गोळ्या, आपली जुनी ॲस्पिरिन, पाय दाबणारे हवेचे पंप, घट्ट मोजे. कोणते कुणाला, यावर आमच्यात अजून वाद आहेत. ॲस्पिरिन पुरते असे अनेकांचे मत होते. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ३१ रुग्णालयांच्या चाचणीत मात्र नव्वद दिवसांत त्रास देणाऱ्या गुठळ्या ॲस्पिरिनवाल्यांत शंभरी ३.४५, तर सुईवाल्यांत १.८२ निघाल्या. रक्त पातळ केले की जखमेतून ते वाहण्याचा धोका वाढतो, म्हणून हा तराजू प्रत्येक रुग्णाचा वेगळा. औषध खुब्यानंतर पस्तीस दिवसांपर्यंतही चालू ठेवावे लागते, कारण घरी गेल्यावरही धोका सरत नाही. आणि घरी गेल्यावरच आपली माणसे प्रेमापोटी घात करतात. मोठे ऑपरेशन झाले आहे, आता पडून राहा, पाणीसुद्धा हातात देतो! इतक्या मायेने मंदावलेला प्रवाह कुठल्या सुईने पुरता सुटत नाही. पोटरी दुखू लागली, एकच पाय सुजला किंवा एकाएकी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा, एवढे मी प्रत्येक घरात बजावून सांगतो.

१९०२ मध्ये यातले काहीच नव्हते. मोडलेले हाड घेऊन अंथरुणात पडून राहणे हाच उपचार होता, आणि फिरखो महिनोन्महिने पडून राहिला. अशा पडून राहण्याचा पायांतल्या रक्तावर काय परिणाम होतो हे त्याच्याइतके त्या शहरात कोणाला ठाऊक असणार? उन्हाळ्यात थोडे बरे वाटले म्हणून त्याला बोहेमियातल्या टेप्लित्स या उष्ण झऱ्यांच्या गावी नेले, मग हार्त्स डोंगरातल्या हार्त्सबुर्गला. पण हिंडताफिरता फिरखो पुन्हा उभा राहिला नाही. हृदयाची शक्ती हळूहळू ओसरत गेली. त्याला बर्लिनला परत आणले आणि ५ सप्टेंबर १९०२ रोजी, पडल्याला आठ महिने पुरे होऊन एक दिवस झाला असताना, तो गेला. शोनेबर्गमधल्या सेंट मॅथ्यूजच्या जुन्या दफनभूमीत त्याला पुरले. अकरा वर्षांनी रोझेही तिथेच त्याच्या शेजारी विसावली.